टीएसएच खाली येत नाहीये? डोस वाढवायच्या आधी लोह, बी१२, मीठ आणि गोळीची वेळ बघा

परळची_लॅबवाली
परळमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळच्या पाळीला रक्त घ्यायचं काम करते. थायरॉइडसाठी येणाऱ्यांत बायकाच जास्त आणि त्यातल्या कितीतरी जणींचं गाऱ्हाणं एकच असतं, ताई गोळी रोज न चुकता घेते, डोस पण वाढवून झाला, तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) काही उतरत नाही, अंग गळून जातं, केस मूठमूठ गळतात. डॉक्टरांकडे गर्दीत जेमतेम पाच मिनिटं मिळतात आणि बाकीचं बोलायचं राहूनच जातं, म्हणून हा धागा काढतेय. मी डॉक्टर नाही, माझ्या सांगण्यावरून कोणी डोस कमीजास्त करू नका. पण काय तपासून घ्यायचं आणि डॉक्टरांना काय विचारायचं एवढं आपल्याला माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

थायरॉइडला हार्मोन बनवायला कच्चा माल लागतो. सगळ्यांना आयोडीन माहीत असतं. थायरॉइडची हार्मोन दोन, टी४ आणि टी३. टी४ मध्ये आयोडीनचे चार अणू असतात आणि टी३ मध्ये तीन, नावातले आकडे तिथूनच आलेत. पण ते आयोडीन जागेवर बसवणारं जे एन्झाइम आहे, थायरॉइड पेरॉक्सिडेज, त्याला लोह लागतं. रक्त कमी असलं की ते एन्झाइम मंदावतं. पुढे टी४ चं टी३ व्हायला लागतं, कारण शरीरात खरं काम करणारं टी३ आहे, आणि ते करणारी एन्झाइम सेलेनियमवर चालतात. टी३ पेशीत जाऊन जिथे बसतं त्या रिसेप्टरला झिंक लागतं. म्हणजे साखळीतली एखादी कडी कच्ची असली तरी पुढचं अडतं. अर्थात ज्यांची ग्रंथी ऑटोइम्यून आजाराने (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो), म्हणजे हाशिमोटोने खराब झालीये (आणि मीठ व्यवस्थित आयोडीनचं असेल तर आपल्याकडे जास्त करून तेच कारण निघतं) त्यांचा आजार लोह खाऊन जाणार नाही, गोळी लागणारच. पण कमतरता तशीच राहिली तर गोळी घेऊनही बरं वाटत नाही.

आणि आता जे सगळ्यात जास्त बघते ते. मागे एक काकू आल्या होत्या, शिवडीहून. टीएसएच दर वेळी चढलेलाच. मी म्हटलं काकू सकाळी काय काय घेता. त्यांनी पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली, कुंकवाची असते ना तशी, आणि त्यात आदल्या रात्रीच काढून ठेवलेल्या सगळ्या गोळ्या, थायरॉइडची इवलीशी पांढरी, रक्तवाढीची लाल लांबुडकी, आणि खडूसारखी मोठी कॅल्शियमची. तिन्ही एकदम, चहाच्या घोटाबरोबर, सुनेला डबा करायला उशीर नको म्हणून. लोह आणि कॅल्शियम दोन्ही पोटात थायरॉइडच्या गोळीला धरून ठेवतात, मग ती रक्तात जायची ती जात नाही. चार तासांचं अंतर हवं. काकूंना हे कोणी सांगितलंच नव्हतं, यात त्यांचा काय दोष.

तुमचे अनुभव लिहा, प्रश्न विचारा. कोणी डॉक्टर असतील तर कृपया भर घाला आणि मी कुठे चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्त करा.

गिरगाव_चाळ_नं_४
खूप गरजेचा धागा ताई. बायकोचं हिमोग्लोबिन १२.१ आहे, डॉक्टर म्हणाले नॉर्मल. टीएसएच ७ च्या आसपास, गोळी चालू आहे. पण जिना चढताना धाप लागते तिला, तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. हिमोग्लोबिन ठीक म्हणजे लोह ठीक असंच ना?

परळची_लॅबवाली
नाही दादा, तसंच असेल असं नाही. फेरिटिन म्हणून वेगळी टेस्ट असते, ती साठा दाखवते. हिमोग्लोबिन ठीक आणि फेरिटिन तळाला, असे रिपोर्ट आम्ही रोज बघतो. डॉक्टरांना विचारून करून घ्या. आणि धाप लागते हे त्यांना आवर्जून सांगा, ते नुसतं थायरॉइडवर ढकलू नका.

फिजिशियन_मुलुंड
लॅबवाली ताईंनी चांगलं लिहिलंय, थोडी भर घालतो. लोह आणि थायरॉइड यांचं नातं दुहेरी आहे. थायरॉइड कमी पडलं की पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह जातं, अस्थिमज्जेत लाल पेशी बनण्याचा वेग पण मंदावतो, आणि लोह कमी झालं की हार्मोन बनायला अजून अडचण. बाई या चक्रात वर्षानुवर्षं फिरत राहते आणि घरचे म्हणतात हिला कामाचा कंटाळा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के अ‍ॅनिमिक निघाल्या. इतका मोठा आकडा असताना थायरॉइडच्या पेशंटचं लोह न बघणं मला पटत नाही.

पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमध्ये यावर छान अभ्यास झालाय. गलगंड असलेल्या आणि लोह कमी असलेल्या मुलांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, त्यातल्या काहींना सोबत लोहाच्या गोळ्या दिल्या. ज्यांना लोह मिळालं त्यांचा गलगंड जास्त कमी झाला. आयोडीन पोचत होतं पण वापरायला लोह नव्हतं, असा त्याचा अर्थ.

अजून एक. हाशिमोटोच्या काही पेशंटमध्ये तोच ऑटोइम्यून प्रकार पोटाच्या अस्तरावर पण होतो. मग पोटात आम्ल कमी बनतं, आणि लोह, बी१२ आणि थायरॉइडची गोळी या तिन्ही गोष्टी नीट शोषल्या जात नाहीत. ज्यांचा डोस वजनाच्या मानाने फारच जास्त झालाय आणि तरी टीएसएच खाली नाही, वेळ-अंतर सगळं पाळूनही नाही, त्यांच्यात मी हे शोधतो, आणि सीलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनचा आजार, तोही शोधतो. अॅसिडिटीच्या गोळ्या महिनोन्महिने घेणाऱ्यांनी पण डॉक्टरांना ते सांगावं, त्याने पण गोळीचं शोषण कमी होतं.

उपासतापास
माझा प्रश्न मिठाचा आहे. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं सैंधवच वापरतात सगळ्या स्वयंपाकाला, आधी फक्त उपासाला असायचं मग कोणीतरी म्हणालं पांढरं मीठ वाईट म्हणून पूर्णच बदललं. मला आणि धाकट्या जावेला दोघींना थायरॉइड निघालंय. संबंध असेल का? आणि साबुदाणा पण वाईट म्हणतात थायरॉइडला, महिन्याला चतुर्थी आणि दोन एकादश्या होतात माझ्या, साबुदाण्याची खिचडी तर असतेच.

फिजिशियन_मुलुंड
संबंध आहेच असं तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही, तुमच्या अँटी-टीपीओ अँटिबॉडी (थायरॉइड पेरॉक्सिडेजवर उलटलेल्या, रक्तात तपासतात त्या) पॉझिटिव्ह असतील तर कारण मुळात ऑटोइम्यून. पण सैंधवात आयोडीन नगण्य असतं, पाकिटावर आयोडीनयुक्त लिहिलेलं नसेल तर नाहीच समजा. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं मीठ परत आणा, विशेषतः घरात लहान मुलं किंवा बाळंतपणाच्या वयाच्या मुली असतील तर आजच. चतुर्थीला सैंधव खाल्लंत तर काही बिघडत नाही.

साबुदाणा ज्या कंदापासून बनतो त्या कसाव्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, त्यांचं शरीरात थायोसायनेट होतं आणि ते आयोडीनला ग्रंथीत जायला आडवं येतं. पण ही अडचण जिथे कसावा हेच मुख्य अन्न आहे, तोही नीट प्रक्रिया न केलेला, आणि आयोडीन पण कमी आहे तिथली. आपल्याकडचा साबुदाणा धुऊन, गाळून, भाजून येतो. महिन्याच्या तीन उपासांनी थायरॉइड होत नाही. कोबी-फ्लॉवरचं तसंच, शिजवून खा निर्धास्त.

वरळी_कोळीवाडा
आमच्याकडे सगळे म्हणतात आपण समुद्राकाठची माणसं, आपल्याला आयोडीनची काय गरज, समुद्राचं मीठच आहे की. माझी आजी अजून जाडं मीठच वापरते, मासे खारवायला पण आणि आमटीला पण.

परळची_लॅबवाली
हे फार जणांना वाटतं हो, की समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन आलंच. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं पण मिठागरात पाणी आटून जे मीठ उरतं त्यात फारसं राहत नाही. भांडुप-मुलुंडची, वडाळ्याची मिठागरं आपण लहानपणापासून ट्रेनमधून बघतो, पण ते मीठ आयोडीन न मिसळता खाल्लं तर सैंधवासारखंच. मासळीत मात्र खरंच असतं, आणि सेलेनियम पण असतं, त्यामुळे आजी बांगडा, बोंबील, सुकट खाते ते उत्तमच. खारवायला जाडं मीठ वापरू दे, आमटीला आयोडीनचं घाला, चवीत फरक कळत नाही.

मिठाचा डबा झाकणाचा ठेवा, शेगडीशेजारी उघडा नको, आयोडीन उडून जातं. शक्य असेल तर मीठ शेवटी घाला.

फिजिशियन_मुलुंड
वरच्यांना जोडून, आपल्याकडे हे मीठ आलं कसं ते लोक विसरलेत म्हणून लिहितो. हिमालयाच्या पट्ट्यात पाऊस-पुराने मातीतलं आयोडीन वाहून जातं, तिथे गावंच्या गावं गलगंडाची असायची, आणि मतिमंद, मुकी-बहिरी जन्मणारी मुलं. १९५६ साली हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागात आयोडीनचं मीठ आणि काही भागात साधं मीठ देऊन वर्षानुवर्षं मुलं तपासली. आयोडीनच्या भागात गलगंड उतरत गेला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो या कामाच्या जोरावर. आज आपण पाकीट सहज उचलतो आणि सहज नाकारतो, पण त्यामागे हे सगळं आहे.

हिशेब पण बघा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. मिठात घरी पोचेपर्यंत किमान १५ पीपीएम असावं असा नियम, म्हणजे ग्रॅमला १५ मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅम मिठातून ७५ मिळाले, बाकी दूध, दही, अंडी, मासळी. म्हणून मासळी-अंडी न खाणारे आणि दूध पण सोडलेले जे नवीन वीगन आहेत त्यांच्या घरात सैंधव असेल तर मला काळजी वाटते.

पण याचा अर्थ आयोडीनचे थेंब, केल्पच्या (समुद्री शेवाळाच्या) कॅप्सूल आणून घ्या असा अजिबात नाही. एकदम जास्त आयोडीन गेलं तर ग्रंथी हार्मोन बनवायचं काही काळ थांबवते, निरोगी माणसाची त्यातून सावरते पण हाशिमोटो असलेल्याची तशीच बंद पडू शकते. गाठी असलेल्या ग्रंथीत उलटं होऊन हार्मोन बेसुमार वाढतं.

बोरिवली_वेस्ट
मी ऑनलाइन एका कोचचा ग्रुप जॉइन केला होता, त्यात सांगितलं की रोज ब्राझील नट्स, झिंक, डी३ घ्या, सहा महिन्यांत थायरॉइड रिव्हर्स, गोळी बंद. ग्रुपमधल्या दोघींनी बंद पण केली. मी अजून केली नाहीये पण नट्स रोज चार-पाच खातेय. सेलेनियम चांगलं म्हणून वर पण लिहिलंय ना?

फिजिशियन_मुलुंड
गोळी बंद केली नाहीत हे फार बरं केलंत. त्या दोघींना आजच्या आज फोन करा आणि डॉक्टरांना भेटायला सांगा प्लीज. गोळी बंद केल्यावर आठवड्यानेही तिचा निम्मा असर अंगात उरलेला असतो त्यामुळे सुरुवातीला बरंच वाटतं, माणूस फसतो, आणि मग दीड-दोन महिन्यांनी अंगावर सूज, आवाज घोगरा, कोलेस्टेरॉल वर.

ब्राझील नट्सबद्दल, दिवसाची गरज ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम. एका नटात ६८ ते ९१ असू शकतात. म्हणजे एक खाल्लात तरी गरज भागली. वरची मर्यादा ४०० ची आहे, रोज पाच म्हणजे तुम्ही तिथपर्यंत पोचलात. जास्त सेलेनियमने केस गळतात आणि नखं ठिसूळ होतात, आणि बायका केस गळतात म्हणूनच ते घेत असतात. डाळी, अंडी, मासे, चिकन नीट खाणाऱ्याला वेगळं घ्यायची गरज सहसा पडत नाही.

आणि नुसतं एकच द्रव्य वाढवणं किती अंगाशी येतं त्याचं एक उदाहरण. १९९० च्या सुमारास झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही कमी असलेल्या लोकांना फक्त सेलेनियम दिलं गेलं. त्यांचं टी४ अजून खाली गेलं, कारण टी४ मोडणारी एन्झाइम जागी झाली पण नवीन टी४ बनवायला आयोडीन नव्हतं. ग्रेव्हज आजारात (थायरॉइड हार्मोन जास्त होणारा ऑटोइम्यून आजार) डोळ्यांचा सौम्य त्रास असतो तिथे सेलेनियमचा ठराविक डोस सहा महिने देतात, त्याला २०११ च्या युरोपातल्या अभ्यासाचा आधार आहे, पण ते डॉक्टरने द्यायचं.

बोरिवली_वेस्ट
बापरे. नट्स आजपासून बंद करते. दोघींना आत्ताच मेसेज टाकलाय, एकीने वाचला पण.

पवई_नाइटशिफ्ट
ह्यात माझा पण अनुभव लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. कंपनीच्या चेकअपमध्ये टीएसएच एकदम खाली आणि फ्री टी४ वर, म्हणजे हायपरथायरॉइड, हार्मोन जास्त, आणि मला तर काहीच त्रास नाही, ना हात थरथरत ना वजन कमी. घरात आईने रडायचंच बाकी ठेवलं होतं. पुढच्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला केसांसाठी काही घेतोस का. घेत होतो, बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. ते बंद करून परत रक्त दिलं तर सगळं नॉर्मल.

परळची_लॅबवाली
अगदी लिहायलाच हवं होतं हे, बरं झालं तुम्ही लिहिलंत. बायोटिनने थायरॉइड बिघडत नाही, आमची टेस्ट बिघडते. बऱ्याच मशीनमधल्या किटमध्ये बायोटिनचीच एक जोडणी वापरलेली असते, रक्तात खूप बायोटिन असलं की ती गडबडते, टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी३ टी४ खोटे जास्त. दिवसाची गरज फक्त ३० मायक्रोग्रॅमची आहे आणि केसांच्या गोळ्यांत पाच-दहा हजार असतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. थायरॉइडची टेस्ट करायच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवा, फारच मोठा डोस असेल तर जास्त, आणि रक्त घेणाऱ्याला सांगा. उलटी बाजू जास्त वाईट, आधीच गोळीवर असलेल्या बाईचा टीएसएच खोटा कमी आला तर डोस कमी केला जाईल आणि ती बिचारी अजून खचेल.

कांदिवली_९२
व्हिटॅमिन डी आणि बी१२ कमी असण्याचं कोणी नीट लिहिलं नाही. माझं डी ९ आलं आणि बी१२ १४०. डॉक्टरने साठ हजारची डीची पाकिटं आठवड्याला एक आणि बी१२ ची इंजेक्शनं दिलीत. ह्याने टीएसएच कमी होईल का?

फिजिशियन_मुलुंड
त्यासाठी म्हणून घेऊ नका. हाशिमोटोच्या पेशंटमध्ये डी बरेचदा कमी सापडतं पण डी कमी झाल्याने हाशिमोटो होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि डी भरून काढल्याने टीएसएच उतरेल अशी खात्री देता येत नाही. हाडांसाठी, स्नायूंसाठी ते भरून काढायचंच. पाकिटं जितके आठवडे सांगितलीत तितकीच घ्या, मनाने पुढे चालू ठेवू नका, डी अंगात साठतं आणि कॅल्शियम वाढून किडनीवर येतं.

बी१२ १४० म्हणजे चांगलंच कमी आहे. थकवा, विसराळूपणा, पायाला मुंग्या हे थायरॉइडचं म्हणून खपून जातं आणि असतं बी१२ चं. तुम्ही शाकाहारी आहात का, डायबिटीसची मेटफॉर्मिन चालू आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना सांगा. दोन्ही नसेल तर वर लिहिलं ते पोटाच्या अस्तराचं कारण शोधायला हवं.

कांदिवली_९२
शाकाहारी आहे, आणि मेटफॉर्मिन पण चालू आहे, कोणी विचारलंच नव्हतं. धन्यवाद डॉक्टर.

गिरगाव_चाळ_नं_४
फेरिटिन करून घेतलं. ६ आलं. डॉक्टर म्हणाले साठा संपलेला आहे, लोह सुरू केलंय. ताई आता गोळ्यांच्या वेळा कशा बसवायच्या ते जरा सांगाल का, ती ७.५० ची लोकल पकडते.

परळची_लॅबवाली
बरं झालं कळलं दादा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर आमच्याकडे येणाऱ्यांना जमतं ते असं, उठल्या उठल्या अनशापोटी थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याने, चहा-दूध अर्ध्या ते एक तासाने. लोहाची गोळी दुपारी ऑफिसात, जेवणाच्या जरा आधी किंवा झेपत नसेल तर जेवणाबरोबर, लिंबू पिळून किंवा आवळा खाऊन. त्याच्यावर लगेच चहा नको, चहा लोहाला अडवतो. कॅल्शियम असेल तर रात्रीच्या जेवणानंतर. पहाटे कामाच्या धांदलीत ज्यांना अर्धा तास जमतच नाही त्यांना काही डॉक्टर गोळी रात्री झोपताना देतात, जेवून तीन तास झाल्यावर, तेही चालतं पण मग कॅल्शियमची वेळ बदलावी लागते. टीएसएच परत सहा-आठ आठवड्यांनीच करा, आधी करून पैसे वाया. आणि लोह बंद कधी करायचं ते डॉक्टर सांगतील, हिमोग्लोबिन वर आलं म्हणून मध्येच सोडू नका, साठा भरायला महिने लागतात.

घाटकोपरची_आई
लेक सात आठवड्यांची गरोदर आहे. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू. तिची नाव नोंदवायची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत लोह-कॅल्शियम आपणहून सुरू करावं का?

फिजिशियन_मुलुंड
पुढच्या महिन्यापर्यंत थांबू नका. बाळाची स्वतःची ग्रंथी पहिल्या तीन महिन्यांत हार्मोन देत नाही, तोवर त्याच्या मेंदूची वाढ पूर्णपणे आईच्या टी४ वर असते, आणि गरोदरपणात आईची गरज लवकरच वाढते, गोळीचा डोस साधारण पाव हिश्श्याने तरी वाढवावा लागतो. उद्याच डॉक्टरांना फोन करून टीएसएच करून घ्या, आणि सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन. गोळी एक दिवस सुद्धा चुकवायची नाही. फॉलिक अॅसिड चालू नसेल तर ते विचारा. लोह आणि कॅल्शियम कधी सुरू करायचं ते तिचे डॉक्टर सांगतील, सुरू झालं की चार तासांचं अंतर. घरात मीठ कोणतं आहे?

घाटकोपरची_आई
तिच्या सासरी सैंधव आहे. आयोडीनच्या मिठाचं पाकीट घेऊन उद्या मीच जाते तिच्याकडे, आणि लॅबला पण सोबत जाते.

परळची_लॅबवाली
काकू, रक्त द्यायच्या आधी त्या दिवसाची थायरॉइडची गोळी घ्यायची नाही, रक्त देऊन झालं की लगेच घ्यायला सांगा, पाण्याची बाटली आणि गोळी पर्समध्येच ठेवा. केसांचं किंवा मल्टिव्हिटॅमिन काही चालू असेल तर त्याचं पाकीट पण घेऊन जा.